कागदाखालची भाजी: देण्याआधी शिकण्याच्या गोष्टी

(कार्याच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे: सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले शेतकरी कमी खर्चाच्या पॉलिहाऊसमध्ये बिगरहंगामी भाजीपाला घेतात. त्यासाठी त्यांना काय काय माहीत असावे लागते, आणि ती माहिती आपल्या कार्यातल्या आदिवासी कुटुंबांच्या उपयोगी कशी पडेल? विषयाबरोबर एक प्रश्नही माझ्या कानावर घातला आहे. आपल्यापैकी काही जणांच्या मनात आहे की कातकरी वाड्यांवर कुटुंबांना पॉलिहाऊस बांधून द्यावे. देणगी जमू शकेल. तर द्यावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोवर थोडी शेतीची माहिती धीराने ऐकून घ्यावी, कारण उत्तर तिच्यातूनच निघते.

एकाच जिल्ह्यात दोन आभाळे

बिगरहंगामी म्हणजे काय? ज्या दिवसांत एखादे पीक उघड्या रानात नीट येत नाही, त्या दिवसांत ते पिकवणे. श्रावणातल्या झडीत कोथिंबीर सडते आणि बाजारात जुडी लहान व भाव मोठा होतो. एप्रिल-मेच्या उन्हात तीच कोथिंबीर धड उगवत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत लग्नसराई असते. उन्हाळ्यात काकडीला, पितृपंधरवड्यात सगळ्याच भाज्यांना, नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास हॉटेलांतून रंगीत ढोबळी मिरचीला मागणी वाढते. ज्याच्याकडे त्या दिवशी माल आहे त्याला दोन पैसे मिळतात.

आता सातारा जिल्ह्याकडे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर दहिवडी आहे. तिथे तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सांगलीतही तेच. पश्चिमेला शिराळा भिजलेला, आणि पूर्वेला आटपाडी, जत, कवठेमहांकाळ पाण्यासाठी टेंभू आणि म्हैसाळसारख्या उपसा योजनांकडे डोळे लावून बसलेले.

पॉलिहाऊसचे काम या दोन भागांत सारखे नाही. पश्चिमेला ते छत्रीचे काम करते. पान सतत ओले राहिले की करपा येतो, केवडा येतो, पाला कुजतो. वरून कागद घातला आणि बाजू मोकळ्या ठेवल्या की पान कोरडे राहते, वारा खेळतो आणि पीक उभे राहते. कागद म्हणजे पॉलिथिन. शेतकरी त्याला कागदच म्हणतात, मीही तसेच म्हणतो. तिकडे पावसाळ्यात ऊन मुळातच कमी असते. अशा वेळी वर सावलीची हिरवी जाळी ताणली तर रोपे उंच, फिक्की आणि लुळी होतात.

पूर्वेला अडचण उलटी आहे. माण-खटावच्या किंवा जतच्या रानात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बाजू बंद असलेले कागदाचे घर तिथे भट्टीसारखे तापते. पस्तीस अंशांच्या वर ढोबळी मिरचीची फुले गळू लागतात. म्हणून तिकडे शेडनेट, उंच छप्पर, गरम हवा वरून निघून जायला वाट, आणि वाऱ्याच्या अंगाला शेवरीची किंवा गिनी गवताची आडभिंत लागते. जावळीत चाललेला नकाशा जतमध्ये तसाच उभा केला तर पीक जाते. शेतकऱ्याचे पहिले ज्ञान हे: आपल्या रानात नक्की कशापासून बचाव करायचा आहे, पावसापासून की उन्हापासून?

कमी खर्चाचे म्हणजे किती?

हिशेबाला सोपे जावे म्हणून आपण एक गुंठा धरू. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. सरकारच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नैसर्गिक वायुवीजनाच्या छोट्या हरितगृहाचा खर्च लोखंडी पाइपच्या सांगाड्याला चौरस मीटरमागे १,०६० रुपये, लाकडी सांगाड्याला ५४० आणि बांबूच्या सांगाड्याला ४५० रुपये धरला होता. म्हणजे त्या दराने एक गुंठा लोखंडी घर एक लाख सहा हजारांचे आणि बांबूचे पंचेचाळीस हजारांचे. त्यानंतर दर वाढले आहेत, पण लोखंड आणि बांबू यांच्यातला फरक ध्यानात यावा. या योजनेत निम्मे अनुदान होते.

इथे तीन गोष्टी समजून घ्याव्या. पहिली, अनुदान बहुधा मागाहून खात्यात येते. आधी शेतकऱ्याने पदरचे किंवा बँकेचे पैसे घालायचे असतात. दुसरी, अर्जासोबत सातबारा लागतो. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला हा दरवाजा बंद आहे. तिसरी, घर एकदा बांधून भागत नाही. दोनशे मायक्रॉनचा, उन्हाला टिकणारा कागद साधारण तीन वर्षे चालतो, मग बदलावा लागतो. बांबूचे जमिनीतले टोक डांबर लावून पुरले नाही तर वाळवी आणि ओल त्याला लवकर खातात. बांबूच्या पेऱ्यांवर जुने कापड किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली नाही तर पहिल्याच वावटळीत कागद फाटतो. जाणता शेतकरी पहिल्या पिकाच्या पैशातूनच तिसऱ्या वर्षीच्या कागदासाठी काही बाजूला काढतो.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. पॉलिहाऊसला तो तंतोतंत लागू पडतो. महाराष्ट्रात पॉलिहाऊस आणि शेडनेटसाठी काढलेली कर्जे थकली आणि त्यांच्या माफीसाठी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. घर उभे होते, अनुदानही अनेकांना मिळाले होते, पण भाव पडला आणि हप्ता थांबला नाही.

शेतकऱ्याला काय काय कळते

कागदाचे घर ही परदेशातून आयती आलेली वस्तू आहे असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये महाग काचेऐवजी प्लास्टिकचा कागद वापरून पाहिला, हे खरे. पण पुढे स्पेनमधल्या अल्मेरिया या कोरड्या भागात जे घडले ते आपल्याला जास्त जवळचे आहे. तिथल्या शेतकऱ्यांकडे द्राक्षाचे तारांचे मांडव होते. १९६० च्या दशकात त्यांनी त्याच मांडवावर कागद पसरला आणि खाली भाजी लावली. आज त्या भागात तीस हजार हेक्टरांच्या आसपास क्षेत्र कागदाखाली आहे.

आता तासगाव-मिरज भागातला बागायतदार डोळ्यांसमोर आणा. तार ताणणे, खांब उभे करणे, वेल वर चढवणे, फांदी कुठे ठेवायची आणि कुठे छाटायची, ठिबकमधून खत कसे सोडायचे, पाऊस आला की भुरी आणि केवडा कसा ओळखायचा, हे त्याच्या हातात आहे. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बागेतच निवडली गेली. अशा माणसाला काकडीचा वेल दोरीवर चढवणे जड जात नाही. आपण एखादे नवे काम नेतो तेव्हा लोकांना आधीपासून काय येते हे विचारले, तर अर्धे शिकवणे वाचते.

तरी काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. त्यांतल्या पाच सांगतो.

पहिली, उलटी मोजणी. उघड्या रानातला शेतकरी पाऊस पाहून पेरतो. कागदाखालचा शेतकरी बाजाराची तारीख धरून मागे मोजतो. ढोबळी मिरची १ डिसेंबरला तोडायची असेल तर लागवडीपासून पहिल्या तोडणीपर्यंत पासष्ट दिवस धरावे. म्हणजे लागवड सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. रोप तयार व्हायला चाळीस दिवस. म्हणजे बी ऑगस्टच्या मध्यावर ट्रेमध्ये पडले पाहिजे. इथे फार उशीर झाला तर नाताळची मागणी हातची जाते आणि माल जानेवारीत सगळ्यांच्या मालाबरोबर येतो.

दुसरी, हवा. सकाळी ऊन चढू लागले की बाजूचे पडदे वर करायचे, थंडीच्या दिवसांत सूर्य कलला की खाली सोडायचे. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब लटकू लागले की हवा कोंडली आहे असे समजायचे. हे काम रोजचे आहे, रविवारीही चुकत नाही. दोन दिवस गावाला जायचे तर घरात पडदे पाहणारे माणूस मागे ठेवावे लागते.

तिसरी, माती. बहुतेक ठिकाणी निचरा होणारी लाल माती, कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळून गादीवाफे करतात. वाफा साधारण एक मीटर रुंद आणि फूटभर उंच, मध्ये चालायला दीड फुटाची वाट. त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे तेच पीक घेतले की मुळांवर गाठी दिसू लागतात. ही सूत्रकृमीची खूण. एकदा ती जमिनीत शिरली की निघता निघत नाही. त्यावर स्वस्त उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये वाफे ओले करून त्यांवर पातळ पारदर्शक कागद पसरायचा, कडा मातीने दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे उन्हात तसेच ठेवायचे. माती तापते आणि रोगाचे बीज पुष्कळ कमी होते. मधूनच झेंडू लावणेही सूत्रकृमीवर उपयोगी पडते. यासाठी पैसा थोडा लागतो. महिनाभर जमीन रिकामी ठेवण्याचा धीर मात्र लागतो, आणि बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो.

चौथी, कीड. कागदाखाली पाऊस लागत नाही, म्हणून पाऊस ज्या किडीला धुऊन काढतो ती आत सुखाने वाढते. फुलकिडे, लाल कोळी, पांढरी माशी. दारापाशी दुहेरी पडदा, बाजूंना बारीक जाळी, मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे, आणि आठवड्यातून दोनदा पाने उलटी करून पाहणे, एवढे केले तर फवारणी कितीतरी कमी लागते. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. विषारी औषध मारलेच तर त्याच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत तोडणी करायची नाही. तोंडाला आणि नाकाला झाकल्याशिवाय आत शिरायचे नाही, कारण उघड्या रानात औषध वाऱ्यावर उडून जाते, इथे ते आतच राहते. भाजी खाणारा आणि भाजी पिकवणारा, दोघांच्याही आरोग्याचा हा प्रश्न आहे.

पाचवी, पाणी. दुष्काळी भागातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण एक हिशेब मांडून पाहा. एक गुंठ्याच्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी होते. पन्हळ लावून त्यातले चाळीस हजार लिटर अस्तर घातलेल्या छोट्या तळ्यात साठवले, आणि आतल्या अडीचशे रोपांना ठिबकने रोज प्रत्येकी दोन लिटर दिले, तर रोज पाचशे लिटर लागतील. म्हणजे ऐंशी दिवसांचे पाणी छपरावरूनच आले. माण तालुक्यात ऐंशी दिवसांच्या पाण्याची किंमत काय आहे हे तिथल्या भगिनींना विचारा.

कुठे अडते

हे सगळे सगळ्यांनाच माहीत असते का? नाही. सर्वसाधारण अनुभव असा की लागवड, अंतर, ठिबक, बांधणी या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी शेतकरी शेजाऱ्याकडे पाहून लवकर उचलतो. माती आणि पाण्याची तपासणी, मातीचे निर्जंतुकीकरण, खताचे नेमके प्रमाण, रोगाची अचूक ओळख आणि खर्चाची वही या न दिसणाऱ्या गोष्टी मागे राहतात. मग सल्ला कोणाचा? बऱ्याचदा औषधाच्या दुकानदाराचा. तो वाईट माणूस असतो असे नाही, पण त्याचे पोट औषध विकण्यावर आहे.

सल्ल्याची दुसरी ठिकाणे आपल्या भागात आहेत. साताऱ्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे, सांगलीत कांचनपूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ या दोन्ही जिल्ह्यांसाठी आहे. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे हरितगृहाचे प्रशिक्षण मिळते. पण तिथे जातो कोण? बहुतेक वेळा घरातला पुरुष. आणि घरी येऊन दोरी बांधणे, बगलफूट काढणे, पाने पाहणे, तोडणी करणे, ट्रेमध्ये बी टाकणे हे काम कोण करते? बाई. कीड पहिल्यांदा तिला दिसते, पण तिला तिचे नाव कोणी सांगितलेले नसते. शिक्षण एकाला आणि काम दुसऱ्याला, अशी ही फारकत आहे.

शिवाय बाजार आहे. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किरकोळीत शंभर रुपये किलोच्या वर गेला, हे आपण सर्वांनी सोसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव इतका कोसळला की राज्यातल्या शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ आली. जुलैचा भाव पाहून ज्याने लावले त्याचा माल सप्टेंबरात आला. कागदाचे घर ऊन-पाऊस अडवते, भाव पडायचा तो अडवत नाही. म्हणून जाणते शेतकरी सगळे घर एका पिकाने भरत नाहीत.

आणि जागा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेला महापूर आला. सपाट, काळी, नदीकाठची जमीन दिसायला उत्तम, पण लाखाचे घर बांधायच्या आधी पुराची रेषा कुठवर आली होती हे म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावे.

वाडीवरच्या कुटुंबांसाठी

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सातारा आणि सांगली हे आदिवासीबहुल जिल्हे नाहीत. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे प्रमाण साताऱ्यात एक टक्क्याच्या आसपास आणि सांगलीत त्याहूनही कमी आहे. थोडे असल्यामुळेच ते नजरेआड राहतात. साताऱ्याच्या पश्चिमेला कातकरी कुटुंबे आहेत. महाराष्ट्रात कोलाम, माडिया आणि कातकरी या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून सरकारने नोंदल्या आहेत. यांतल्या अनेक घरांना स्वतःची जमीन नाही, असली तर घरापुरती.

त्यांचे वर्ष कसे जाते ते ध्यानात घ्या. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या मजुरीला बाहेर पडतात, मुलांची शाळा सुटते, आणि पावसाच्या तोंडावर सगळे परत येतात. पावसाळ्यात ते वाडीवर असतात, पण हातात पैसा नसतो. भात लावणीची मजुरी संपली की घरात काही उरत नाही. नेमके त्याच दिवसांत भट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. आजार, सण, घराची दुरुस्ती, कशासाठी तरी ती घेतली जाते. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर जावेच लागते, मजुरी ठरवण्याचा हक्कही उरत नाही, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षीही तेच.

अशा घराला दहा गुंठ्यांचे लोखंडी पॉलिहाऊस बांधून दिले तर काय होईल? दिवाळीनंतर कुटुंब बाहेर गेले की पडदे कोण पाहणार? जमीन दुसऱ्याची असेल तर घर कोणाचे राहणार? तीन वर्षांनी कागद कोण घेणार? आपण दिलेली वस्तू तिथे उभी राहील, तिचे छायाचित्रही छापले जाईल, आणि चौथ्या वर्षी सांगाड्यावर फाटका कागद फडफडेल.

पण पाहा, साताऱ्याच्या पश्चिमेला कागदाचा सर्वांत मोठा उपयोग कधी आहे? पावसाळ्यात, जेव्हा ही कुटुंबे घरी असतात. आणि पालेभाजीला भाव कधी असतो? श्रावणापासून पितृपंधरवड्यापर्यंत, म्हणजे मुकादम उचल घेऊन येतो त्याच दिवसांत. या दोन गोष्टी जुळतात, आणि माझे सगळे सांगणे या जुळण्यावर उभे आहे.

म्हणून एक गुंठ्याचे, बाजूंनी मोकळे, बांबूचे पावसाळी छप्पर. त्याखाली कोथिंबीर, मेथी, पालक. कोथिंबीर चाळीस दिवसांत येते. गुंठ्याचे सहा वाफे करा आणि दर आठवड्याला एक पेरा. धने रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजत घालायचे आणि मग पेरायचे. १५ जूनला पहिला वाफा पेरला तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो निघतो. तोवर सहावा पेरून झालेला असतो. त्यानंतर दर आठवड्याला एक वाफा काढायचा आणि तोच पुन्हा पेरायचा. मेथी महिन्याच्या आतच निघते, म्हणून एखादा वाफा तिला दिला तर मधली खोट भरून निघते. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दहा-अकरा आठवडे घरात दर आठवड्याच्या बाजाराचा पैसा येतो. रक्कम मोठी नसेल. पण सात-आठ दिवसांनी निश्चित येणारी छोटी रक्कम हीच उचलीला नाही म्हणायची ताकद देते. दिवाळीनंतर कागद काढून गुंडाळून घरात ठेवता येतो. उन्हात राहिला नाही तर तो टिकतोही जास्त.

याच्या पुढची पायरी रोपवाटिकेची. अर्ध्या गुंठ्यात ट्रे मांडून मिरची, वांगी, टोमॅटो, कोबीची रोपे तयार करून विकता येतात. जमीन कमी लागते, महिन्या-सव्वा महिन्यात पैसा फिरतो, आणि हाताचे कौशल्य दुसऱ्याच्या रानात गेले तरी बरोबर राहते. ज्याला रोपे तयार करता येतात, वेल बांधता येतो, कीड ओळखता येते, तो मजूर म्हणून गेला तरी साध्या मजुरीवर राहत नाही.

देणगी कुठे जावी

मिरजेचे मिशन रुग्णालय आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये ते सुरू केले. इमारतीचे नाव झाले, पण त्यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्याचीही सोय केली, आणि त्यामुळे काम इमारतीबाहेर, गावोगाव गेले. शेतीतही तोच मार्ग धरावा.

तर उत्तर असे आहे. द्यावे, पण पुढील क्रमाने द्यावे.

आधी शिकण्याचा पावसाळा द्यावा. वाडीवरच्या चार-पाच जणांना, त्यात निम्म्याहून अधिक बायका, एका हंगामासाठी जवळच्या जाणत्या भाजीपाला शेतकऱ्याकडे कामाला आणि शिकायला ठेवावे. त्यांची रोजची मजुरी आपण भरावी. भुकेल्या पोटी कोणी शिकत नाही, आणि शिकण्यासाठी मजुरी बुडवणे त्यांना परवडत नाही. शिकवणाऱ्या शेतकऱ्याचाही मान राखावा. त्याचे ज्ञान फुकट मागू नये.

मग जागेचा कागद पाहावा. वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे का, जमीन कोणाच्या नावावर आहे, दुसऱ्याची असेल तर किती वर्षांचा लेखी करार आहे, हे झाल्याशिवाय एक बांबूही रोवू नये.

तिसऱ्या पायरीला छप्पर द्यावे, ते एक गुंठ्याचे, बांबूचे, त्यांच्याच हातांनी बांधलेले. ज्याने स्वतः बांधले त्याला ते दुरुस्त करता येते.

चौथी गोष्ट म्हणजे बचत. दर बाजारातून थोडी रक्कम बचतगटाच्या वहीत, कागद बदलण्यासाठी म्हणून वेगळी. पहिली तीन वर्षे आपण तेवढीच भर घालावी, चौथ्या वर्षी घालू नये.

आणि पाचवी, ही देणगी पैशाची नाही. आपण शहरात आणि तालुक्याच्या गावी राहणारी माणसे आहोत. आपल्या मंडळीतली पन्नास कुटुंबे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला दोन जुड्या ठरलेल्या भावाने घ्यायला तयार झाली, तर वाडीवरच्या एका छपराला बाजाराची काळजी उरत नाही. त्या भाजीच्या जुडीला मातीही लागलेली असेल, एखादे पान किडके असेल. ती तशी घ्यावी.

बंधूंनो आणि भगिनींनो, पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी सगळीकडे एकच पडले होते, फरक जमिनीचा होता. आपल्या देणगीचेही तसेच आहे. जमीन तयार करायला वेळ लागतो आणि त्याचे छायाचित्र काढता येत नाही. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात कदाचित आपल्याला दाखवायला एकही मोठे पॉलिहाऊस नसेल. पण किती घरांनी या पावसाळ्यात उचल घेतली नाही, हा आकडा आपल्याला कार्याच्या सेवकांना विचारता येईल. तोच विचारावा.